पुढच्या वर्षीही तूच येशील ना?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आई आहेत. गेली सहा वर्षं सणाच्या सुट्टीतला एक दिवस हे कुटुंब एका बालगृहात घालवतं. कपडे, खेळणी, खाऊ न्यायचा, दोन-तीन तास मुलांमध्ये बसायचं, निघताना सगळ्यांचा फोटो काढायचा. या वर्षी चौदा वर्षांच्या लेकीने यायला साफ नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाली, 'मागच्या वर्षी तिथल्या एका छोट्या मुलीने माझा हात धरून विचारलं, पुढच्या वर्षीही तूच येशील ना? मी हो म्हटलं. आता मला तिचं नावसुद्धा आठवत नाही. आई, आपण तिथे आपल्यासाठी जातो.' नवऱ्याचं म्हणणं, पैसे पाठवावेत आणि विषय संपवावा. सहा महिन्यांपूर्वी बाईंची नोकरी गेल्याने हात आखडता आहे. शिवाय इमारतीतले लोक जुने कपडे, औषधं आणि सणाच्या जेवणातलं उरलेलं अन्न गोळा करून वाटणार आहेत आणि ते काम त्यांनी या बाईंवर सोपवलं आहे. त्या विचारतात, 'काहीच केलं नाही तर मन खातं, आणि केलं तर लेकीचे शब्द आठवतात. मी काय करू?'

तुमचं पत्र वाचताना मी सारखी त्या छोट्या मुलीपाशी थांबत होते. तिचा एक प्रश्न तुमच्या लेकीने वर्षभर मनात बाळगला आणि कुणाला सांगितला नाही. तुम्ही लिहिलं आहे, 'मुलांना देण्याची सवय लागावी म्हणूनच हे सुरू केलं होतं, आणि आता तीच असं बोलते.' मला विचाराल तर ती सवय तिला लागलेली आहे. दिलेला शब्द आपण पाळला नाही, हे चौदाव्या वर्षी इतकं लागणारी मुलगी कोरड्या मनाची नसते. तेव्हा आधी तिच्यावरचा राग मनातून काढून टाका. तुमच्या सहा वर्षांवर पाणी फिरलेलं नाही.

पण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे का? आहे. ते नीट समजून घेऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर घर हरवलेल्या मुलांचा प्रश्न जगभर मोठा झाला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांना त्याचा अभ्यास करायला सांगितलं. 1951 मध्ये त्यांचा अहवाल आला. लहान मुलाचं मन नीट वाढायला मायेचं, जवळचं आणि न तुटणारं नातं लागतं, हे त्याचं सार. आई असेल तर आई, नसेल तर तिच्या जागी कायम राहणारं कुणीतरी. बालगृहातल्या मुलांना माणसं भेटत नाहीत असं नाही. सणाच्या दिवसांत तर रीघ लागते. माणसं येतात, जवळ घेतात, कौतुक करतात आणि पुन्हा दिसत नाहीत. दर वेळी जीव लावायचा आणि दर वेळी तो सोडवून घ्यायचा, हे मोठ्यांनाही जड जातं. त्या मुलीला खेळणं आवडलंच असेल. पण तिने मागितलं ते तुमच्या लेकीचं पुन्हा येणं.

डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे, विशेषतः पर्यटनाला जोडलेल्या स्वयंसेवेमुळे, मुलांचं नुकसान होऊ शकतं हे नोंदवलं आणि ते रोखायला देशांना सांगितलं. त्यातले टोकाचे प्रकार शोषणाचे आणि मुलांच्या व्यापाराचे असतात. तुमच्या भेटीचा त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणून घाबरू नका. मात्र आपण चांगल्या मनाने केलेली गोष्ट समोरच्या मुलाला कशी लागते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

'आपण आपल्यासाठी जातो' हे वाक्य तुम्हाला फार झोंबलेलं दिसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. देताना समोरच्याचं भलं व्हावं असं वाटतंच, शिवाय देण्यातून मिळणारी ऊब आपल्यालाही हवी असते. जेम्स अँड्रिओनी या अर्थशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही गोष्ट नीट मांडली आणि दानाचा अभ्यास करणारे आज ती धरूनच चालतात. ती ऊब वाटली नसती तर बहुतेकांनी दुसऱ्यांदा दिलंच नसतं. फक्त तिची किंमत समोरच्याने मोजायची नाही, एवढं बघायला हवं. मुलांनी रांगेत उभं राहायचं, अनोळखी पाहुण्यांसमोर गाणं म्हणायचं, हातातली भेटवस्तू दिसेल असा फोटो द्यायचा. ही ती किंमत. फोटो या वर्षीपासून बंद करा. यावर जास्त विचार करायची गरजच नाही.

आता बालगृहाशी असलेलं तुमचं नातं तोडायचं का? मी म्हणेन, तोडू नका, त्याची वेळ आणि पद्धत बदला. सणाआधी एक फोन करा आणि काय आणू हे विचारण्याऐवजी, सण संपल्यावर तुम्हाला कशाची चणचण भासते, असं विचारा. सणाच्या आठ-दहा दिवसांत अशा ठिकाणी एकाच प्रकारच्या वस्तूंचे ढीग लागतात. दोन महिन्यांनी मात्र वीजबिल भरायचं असतं, कुणाला चष्मा लागलेला असतो, कुणाचे बूट लहान झालेले असतात, गणित शिकवणारं कुणी मिळत नसतं. यातलं काहीच फोटोत येत नाही, म्हणून ते कुणाला सुचतही नाही.

आणखी एक गोष्ट विचारा. बालगृहात राहणारी सगळी मुलं अनाथ नसतात. अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, आजारपण, घरातले वाद अशा कारणांनी मूल तिथे आलेलं असतं. तेव्हा, 'सुट्टीत एखाद्या मुलाला त्याच्या माणसांना भेटायचं आहे आणि केवळ प्रवासखर्चामुळे अडलं आहे, असं कुणी आहे का?' हे विचारून बघा. असं कुणी असेल आणि त्या भेटीत मुलाला धोका नाही अशी संस्थेची खात्री असेल, तर तुमचे पैसे त्या तिकिटाला जाऊ देत. सणाच्या दिवशी पाहुण्यांपेक्षा स्वतःच्या आईसोबत घालवलेले दोन तास त्या मुलाला किती मोठे वाटतील, हे तुम्ही आई म्हणून माझ्याहून चांगलं जाणता.

इथे तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्याकडे येते. 'पैसे पाठवा आणि विषय संपवा' यातला पहिला भाग बरोबर आहे. पैसा देणं कमी प्रतीचं, आणि हाताने वस्तू देणं मनापासूनचं, असा आपला एक समज असतो. संस्था चालवणाऱ्या माणसाला विचारलंत तर तो बहुधा उलटं सांगेल. अट न घालता दिलेली छोटी रक्कम त्याला हवी तिथे वापरता येते. आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी दिली, तर त्याला पुढचं ठरवता येतं. माझा आक्षेप फक्त 'विषय संपवा' याला आहे. विषय संपवायची घाई आहे म्हणून पैसे पाठवले, तर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा इथेच उभ्या असाल.

पण या वर्षी पैसा नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर आधी सरळ सांगते: तुमची नोकरी गेली आहे. घर सांभाळणं हे या वर्षीचं तुमचं पहिलं काम आहे आणि त्यासाठी कुणापुढे अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. देण्यासाठी कर्ज काढू नका, मुलांच्या शिक्षणाला हात लावू नका. दुसरं म्हणजे, रकमेच्या आकड्याचा आणि देण्याच्या समाधानाचा आपण समजतो तितका संबंध नाही. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकल नॉर्टन या संशोधकांनी 2008 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी काही लोकांना पाकिटात पैसे दिले, कुणाला 5 डॉलर, कुणाला 20. निम्म्यांनी ते स्वतःवर खर्च करायचे, निम्म्यांनी दुसऱ्या कुणासाठी. संध्याकाळी विचारलं तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त आनंदी होते, आणि पाकिटात 5 होते की 20, याने फरक पडला नव्हता. एका छोट्या प्रयोगावर सगळा भार टाकू नये, पण फूल ना फुलाची पाकळी म्हणताना आपल्याला जो संकोच वाटतो, तो सोडायला एवढं पुरे आहे.

आणि तुमच्याकडे या वर्षी एक अशी गोष्ट आहे जी गेल्या सहा वर्षांत नव्हती: दिवसाचा मोकळा वेळ. नोकरीच्या शोधात तो मोकळा वाटत नसेल, हे मला कळतं. तरी मी तिथेच बोट ठेवते, कारण सणाच्या दिवसांत सगळ्यात जास्त टंचाई माणसांची असते.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या सासूबाईंना शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता. त्यांना एकटं ठेवता येत नसे. एरवी मदतीला एक बाई यायच्या. सणात त्या सुट्टीवर जायच्या, आणि जायलाच हव्यात, त्यांनाही घर होतं. मग ते आठ दिवस मी आणि सासूबाई. त्या दिवसांत आमच्याकडे भेटी पुष्कळ यायच्या. दार उघडायचं, हसायचं, डबा किंवा पिशवी हातात घ्यायची, दार लावायचं. तिसऱ्या वर्षी शेजारची एक निवृत्त शिक्षिका आली ती रिकाम्या हाताने. म्हणाली, 'उद्या चार ते सहा मी यांच्यापाशी बसते. तुम्ही बाहेर जा, झोपा, काहीही करा.' मी त्या दोन तासांत बाहेर जाऊन नुसती चालत राहिले. परत आले तेव्हा ती सासूबाईंना जुन्या वहीतली उजळणी वाचून दाखवत होती आणि त्या मन लावून ऐकत होत्या. पुढचे पाचही दिवस ती आली. बाकी कुणी काय आणलं होतं, ते मला आज आठवत नाही.

तुमच्या आसपास असं घर नक्की असेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारी मुलगी किंवा सून, विशेष गरजा असलेल्या मुलाचे आईवडील, रुग्णालयात दिवस-रात्र बसून राहिलेला नातेवाईक. समाजासाठी काही करायचं म्हटलं की आपण गाडी काढून दूर कुठेतरी जातो. पलीकडच्या दाराआडचा माणूस आपल्याला 'गरजू' वाटत नाही, कारण त्याचे कपडे नीट असतात आणि तो मागत नाही.

अशा घरी जाताना एक काळजी घ्या. 'काही लागलं तर सांगा' म्हणून परत येऊ नका. हे वाक्य आपण मनापासून म्हणतो, पण त्यामुळे मागण्याचं ओझं थकलेल्या माणसावरच पडतं, आणि तो मागत नाही. ठरावीक वार आणि वेळ सांगा: 'बुधवारी दुपारी तीन ते पाच मी येऊ शकते. बसायला येऊ की बाहेरची कामं करून देऊ?' समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागेल असं विचारा. नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा विचारा.

ज्या घरात या वर्षी कुणी गेलं आहे, तिथेही जा. माणूस गेल्यानंतरचा पहिला सण फार लांबतो. लोक येत नाहीत, कारण काय बोलावं सुचत नाही. आले तर गेलेल्या माणसाचं नाव टाळतात. तुम्ही ते नाव घ्या. 'गेल्या वर्षी ते गच्चीवर उभे राहून सगळ्या मुलांना हाका मारत होते, मला आठवतं' एवढं म्हणालात तरी पुढचा तासभर तुम्हाला फक्त ऐकावं लागेल. यासाठी पैसा लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही.

तुम्हाला आणि तुमच्या नवऱ्याला मिळून करता येईल असं एक काम म्हणजे रक्तदान. सणाच्या सुट्टीत रक्तपेढ्यांची ओढाताण होते, कारण नेहमीचे दाते गावाला गेलेले असतात, कार्यालयं आणि महाविद्यालयं बंद असल्याने शिबिरं होत नाहीत. रुग्णांना मात्र सुट्टी नसते. थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना साधारण दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावंच लागतं. साठवून ठेवून भागत नाही. लाल पेशी थंडीत नीट ठेवल्या तर सुमारे 42 दिवस टिकतात, पण कर्करोगाच्या उपचारांत वरचेवर लागणाऱ्या प्लेटलेट जेमतेम 5 ते 7 दिवस. म्हणून एकाच दिवशी शंभर जणांनी जाऊन रक्त देण्यापेक्षा रक्तपेढीला फोन करून 'तुम्हाला कोणत्या दिवशी माणसं कमी पडतात?' असं विचारून इमारतीतल्या लोकांनी पाळीपाळीने जावं. एका वेळी साधारण 350 ते 450 मिलिलिटर रक्त घेतात आणि पुन्हा देण्याआधी दोन ते चार महिन्यांचं अंतर ठेवतात. नेमका नियम, वय आणि वजनाच्या अटी तिथेच सांगतील. आजार किंवा औषधं चालू असतील तर लपवू नका.

यावरून इमारतीच्या उपक्रमाकडे. तुमच्यावर जबाबदारी आलीच आहे, तर तीन गोष्टींत खमकेपणा दाखवा.

औषधं गोळा करूच नका. अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या गरिबांच्या उपयोगी पडतील असं वाटतं खरं, पण त्या घरात कशा ठेवल्या होत्या ते कुणालाच माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये औषधदानाचे नियम घातले, तेव्हाच रुग्णांना देऊन झालेली औषधं पुन्हा दान करू नयेत आणि पोहोचलेल्या औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, असं स्पष्ट केलं. लोकांना हे शांतपणे सांगा आणि त्याऐवजी एखाद्या रुग्णाचं औषधांचं बिल भरायचं का, ते विचारा.

उरलेल्या अन्नाचं गणित वेळेचं आहे. शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. गरम असेल तर 60 अंश सेल्सिअसच्या वर, थंड असेल तर 5 अंशांच्या खाली. रात्री पंगती उठल्यावर गोळा करून सकाळी वाटायचं असं ठरलं असेल तर ते आत्ताच थांबवा. जे आपण आपल्या पाहुण्याच्या पानात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्याही नको. वाटायचंच असेल तर जेवणं सुरू होण्याआधी वेगळं काढा आणि कोण, कुठे, किती वाजता नेणार ते आधी ठरवा. कपड्यांचंही तसंच: धुतलेले, इस्त्री केलेले, बटणं असलेले, घालण्याजोगे, आणि ज्यांना द्यायचे त्यांना कुठल्या मापाचे हवेत हे विचारून. त्यापलीकडचं जे असेल ते पुनर्वापरासाठी द्या, पण त्याला दान म्हणू नका.

सणाच्या दिवशीही ड्यूटीवर असलेल्यांची एक यादी मात्र इमारतीने जरूर करावी. पहारेकरी, सफाई कामगार, परिचारिका, वाहनचालक. भेटवस्तू द्यायला हरकत नाही, पण त्यांना त्या दिवसातले चार तास घरी घालवता येतील असं काही करता आलं, तर त्याची सर कशालाच नाही. फाटकावर पाळीपाळीने दोघा-दोघांनी बसणं इतकं अवघड नाही. त्या चार तासांचा पगार कापला जाणार नाही, हे आधी पक्कं करा. नाहीतर आपल्या चांगुलपणाचा भुर्दंड त्यांनाच.

तुम्ही एक ओळ अगदी शेवटी लिहिली आहे: 'इमारतीत कुणालाच माझ्या नोकरीचं माहीत नाही.' ताई, हे एखाद्या तरी माणसाला सांगा. लोकांच्या मदतीची सगळी व्यवस्था तुम्ही बघणार आणि स्वतःची अडचण मात्र झाकून ठेवणार, हे तुम्हाला फार दिवस झेपणार नाही. इमारतीतल्याच कुणाला एखादी नोकरीची जागा माहीत असेल, कुणी ओळख करून देईल. तुम्ही सहा वर्षं देत आलात. या वर्षी घ्यायची पाळी आली तर त्याने तुमचं काही कमी होत नाही. तुमची मुलंही हे बघत आहेत.

उरली लेक. तिला बालगृहात यायचा आग्रह करू नका, आणि 'मग काय करायचं ते तूच सांग' म्हणून तिच्यावर सगळं टाकूही नका. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, 'तुझं बरोबर होतं, मी याचा विचार केला नव्हता.' मग तिला नियमितपणे खरोखर करता येईल असं काही तिच्यासोबत शोधा. आठवड्यातून एक तास कुणाला वाचून दाखवणं, कुणा आजोबांना फोन वापरायला शिकवणं, इतकं छोटं चालेल. कबूल करताना मुदत घालून कबूल करा: 'परीक्षेपर्यंत दर शनिवारी.' वर्षभर जमेल की नाही हे तिला आज ठाऊक नाही, आणि एक मोडलेला शब्द तिने भोगला आहे.

त्या छोट्या मुलीला दिलेला शब्द अजून पूर्ण मोडलेला नाही, कारण हे वर्ष अजून संपलेलं नाही. बालगृहाला फोन कराल तेव्हा तिथल्या ताईंना विचारा, मागच्या वर्षी निघताना आमच्या मुलीचा हात धरून बसलेली ती कोण होती. त्यांना बहुधा आठवत असेल. ती अजून तिथे आहे का, भेटलेलं तिच्यासाठी बरं की नुसतं पत्र पाठवलेलं, हे त्यांनाच ठरवू द्या. पण तिचं नाव तेवढं विचारून घ्या आणि लेकीला सांगा.